झिजलेला बोल्ट

रविवार, २ मार्च

बोल्ट सुटला नाही.

इंजिनाच्या पोटाखालचा, ऑइल काढायचा बोल्ट. गाडीला शेकडो असतील, त्यातला एक. दोन तास गेले. गुडघे फुटले, उजव्या हाताची दोन बोटं सोलली, आणि बोल्ट जागच्या जागी, जणू मी त्याला विनंतीच करत होते.

त्यात लक्षात आलं की अर्धा तास मी तो सोडवत नव्हते, आवळत होते! वरून वाकून पाना फिरवला, आणि बोल्टाचं तोंड तर खाली जमिनीकडे. डावं ते उजवं, उजवं ते डावं. चटईवर उताणी पडून खालून बघितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे जे मुळात घट्ट होतं ते मी आणखी घट्ट करून ठेवलं. हात दाखवून अवलक्षण.

आणि मी कोण? चष्म्याच्या दुकानात एकोणीस वर्षं काम केलेली बाई. तिळाएवढे स्क्रू डोळे मिटून बसवते.

हा, माझा नवरा, पायरीवर बसून बघत होता. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये, ऑफिसच्या जिन्यावरून घसरला त्याला अकरा दिवस झाले. अजून महिनाभर गाडीला हात लावायचा नाही. तोवर गाडी मी वापरणार, म्हणून म्हटलं ऑइल बदलून घ्यावं, आपल्याच हातांनी. त्याने चार वेळा सांगितलं, राहू दे, गॅरेजमध्ये टाकू. चौथ्यांदा सांगताना आवाज चढला होता. गाडीच्या ऑइलवरून कोणी इतका अस्वस्थ होतो?

सोमवार, ३ मार्च

दुकानात एका बाईंचा चष्मा घट्ट करताना पेचकस दोनदा निसटला. मालक म्हणाले, काय झालं बोटांना? बोल्ट सांगितला. ते इतके हसले की बाईंनाही हसू आलं.

संध्याकाळी गंज सुटायचं तेल फवारून ठेवलं. रात्रभर मुरू दे.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी परत पाना लावला. या वेळी योग्य दिशेने! पाना निसटला. बोल्टाचे सहा कोपरे होते ते आता जेमतेम दिसतात. डोकं गोल होत चाललंय. माझंही.

मी दुपारी जेवायला आले तेव्हा हा घरात येरझारा घालत होता. मनगट दुखतंय का विचारलं, तर नाही. मग काय, तर काही नाही. फोन घेऊन मागच्या गॅलरीत गेला आणि हळू आवाजात बोलत राहिला. मी गेले तसा फोन ठेवला. कोण होतं? ऑफिसचं. ऑफिसच्या माणसाला कोणी "जेवलात का?" असं विचारतं का?

कोणास ठाऊक, विचारत असतील. पाण्याचे मीटर तपासणारं ऑफिस आहे, तिथे प्रेमळ माणसं नसतील असं थोडंच आहे.

गुरुवार, ६ मार्च

आज डोकं चालेनासं झालंय. नीट लिहून काढते.

दुकानातून येताना कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेले. बोल्टाचा फोटो दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा केला आणि मान हलवली. म्हणाला, "वहिनी, हा झिजणारच होता. दादा दर दोन महिन्यांनी ऑइल बदलायला येतात. एवढ्या वेळा उघडबंद केल्यावर काय राहणार? मी मागेच म्हटलं होतं, नवा टाकू."

मी म्हटलं, दर दोन महिन्यांनी कशाला? वर्षातून दोनदा पुरतं ना? तो म्हणाला, जवळपास फिरणाऱ्याला पुरतं. दादांचा पल्ला मोठा.

कुठला पल्ला?

तेवढ्यात त्याला कळलं असावं की आपण नको ते बोललो. पाना पुसायला लागला. मग भराभर छिन्नीची युक्ती सांगितली: इंजिन थोडं गरम करायचं, छिन्नी बोल्टाच्या कडेला तिरकी टेकवायची, आणि हलके ठोके देत सुटायच्या दिशेने ढकलायचं. नवा बोल्ट, त्याची तांब्याची चकती आणि एक जुनी छिन्नी, सगळं कागदात गुंडाळून दिलं.

घरी येऊन पहिल्यांदा गाडीतला किलोमीटरचा आकडा बघितला. दोन वर्षांपूर्वी विमा भरताना तो मीच लिहून ठेवला होता, म्हणून कळलं. दोन वर्षांत सव्वीस हजार किलोमीटर! ऑफिस इथून सहा किलोमीटर. जाऊन येऊन बारा. कितीही वळसे घाला, सव्वीस हजार होत नाहीत.

दोन वर्षं. दोन वर्षांपूर्वीच याची मंगळवारची सुट्टी रद्द झाली होती. तोच म्हणाला होता.

शुक्रवार, ७ मार्च

विचारलं नाही. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा "वरणात मीठ आहे का" असं काहीतरी निघालं.

शनिवार, ८ मार्च

ऑफिसात फोन केला. पुढे ढकललं तर जमणार नाही म्हणून आजच करून टाकला. त्याच्या हाताबद्दल डॉक्टरांचं पत्र पाठवायचंय असं निमित्त काढलं आणि बोलता बोलता विचारलं, मंगळवारी पाठवलं तर चालेल का? पलीकडची बाई म्हणाली, मंगळवारी नको, मंगळवारी त्यांचा विभाग बंद असतो. पहिल्यापासूनच.

दुसरी कोणी आहे का? हे लिहिताना हसू येतंय आणि रडूही. याला? हा घरात मोजे सापडले नाहीत तर एक पायमोजा घालून बसणारा माणूस. पण अशाच माणसांबद्दल शेवटी लोक म्हणतात ना, वाटलं नव्हतं हो.

रविवार, ९ मार्च

बोल्ट सुटला.

पाच मिनिटं इंजिन चालवलं. चटईवर उताणी पडले. याला म्हटलं, डाव्या हाताने बॅटरी धर. धरली. छिन्नी टेकवली, ठोका दिला. काही नाही. दुसरा, तिसरा, आठवा. मग एक बारीकसा "टक्" असा आवाज झाला. इतका बारीक की मला तो कानापेक्षा मनगटात कळला. बोल्ट केसभर हलला होता.

तेव्हाच विचारलं. तोंड इंजिनाकडे होतं म्हणून जमलं असावं. म्हटलं, मंगळवारी तू कुठे जातोस?

बॅटरीचा उजेड हलला. मी बोल्ट हाताने फिरवत राहिले. शेवटचा आटा सुटला आणि काळंभोर गरम ऑइल तसराळ्यात पडायला लागलं, थोडं माझ्या कोपरापर्यंत आलं. मी बाहेर सरकले आणि त्याच्याकडे बघितलं.

"तुझ्या बाबांकडे," तो म्हणाला.

मला आधी वाक्यच कळलं नाही. कुठल्या बाबांकडे?

आई गेली तेव्हा बाबांनी मला तीन दिवसांनी कळवलं. सगळं आटोपल्यावर. मी दारात उभी राहून त्यांना म्हटलं होतं की माझ्यापुरते तुम्हीही गेलात. त्याला सात वर्षं झाली. या घरात त्यांचं नाव निघत नाही. मीच तसा नियम केला, आणि याने तो पाळला, असं मी समजत होते!

नव्वद किलोमीटर जायला, नव्वद यायला. दर मंगळवारी. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या शेजारणीने याच्या ऑफिसात फोन केला होता की म्हाताऱ्यांना नीट दिसत नाही, दूध गॅसवर ठेवतात आणि जळेपर्यंत कळत नाही. हा एकदा बघून यावं म्हणून गेला. मग दुसऱ्या मंगळवारीही गेला.

ऑइल पूर्ण निथळलं. नवा बोल्ट बसवला, नवी चकती, नवं ऑइल. हात आपले आपण करत होते.

सोमवार, १० मार्च

रागावले आहे. कोणावर ते ठरत नाही.

दुसरी बाई असती तर सोपं होतं, असा विचार आज दुकानात आला आणि मला माझीच भीती वाटली.

बुधवार, १२ मार्च

त्याच्याशी बोलले. म्हणजे भांडले. दोन वर्षं ताकास तूर लागू दिली नाहीस, म्हटलं. तो म्हणाला, तुला सांगितलं असतं तर तू मला अडवलं असतंस, आणि मग मला तुझं ऐकावं लागलं असतं. खरंच अडवलं असतं.

मग त्याने आणखी एक सांगितलं. गेल्या वर्षी ऑफिसातल्या शिपायाच्या वडिलांसाठी म्हणून याने चष्म्याचा एक नंबर आणून दिला होता. जाड काचा. त्या म्हाताऱ्याच्या नाकावर वळ उठतात म्हणाला, म्हणून मी मऊ पॅड शोधून लावले होते, दांड्या दोनदा गरम करून वाकवल्या होत्या. असा कोणी शिपाईच नव्हता.

माझ्या हातचा चष्मा बाबांच्या नाकावर आहे, वर्षभर. त्यांना माहीत आहे का, विचारलं. माहीत आहे. रात्री काढून उशाशी नाही, कपाटात जपून ठेवतात म्हणाला.

मी विचारलं, तीन दिवस का कळवलं नाही, ते कधी बोलले? हा म्हणाला, एकदाच. फोनसमोर बसून होते, म्हणाले. नंबर फिरवायचे आणि ठेवून द्यायचे. तुला सांगितलं की ते खरं होईल, असं वाटत होतं त्यांना.

हे मी सात वर्षांत विचारलं नव्हतं. मी फक्त "का केलंत" म्हणून ओरडले होते. ते विचारणं नव्हे.

पण म्हणून काय झालं? आईचा चेहरा मला बघायला मिळाला नाही तो नाहीच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एका डोक्यात मावत नाहीत.

शुक्रवार, १४ मार्च

हात मोडल्यापासून हा बाबांकडे गेलेला नाही. रोज फोन करतो, आता माझ्यासमोर. बाबांना हाताचं सांगितलंय. जेवलात का, औषधाचे थेंब घातलेत का. पलीकडचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी नळ सोडते.

शनिवार, १५ मार्च

काल रात्रीपासून बाबांचा फोन लागत नाही. आज सकाळी नाही, दुपारी नाही. शेजारणीचा नंबर याच्याकडे नाही, तिनेच तेव्हा ऑफिसात केला होता. संध्याकाळी हा म्हणाला, बसने जाऊन येतो. प्लॅस्टरचा हात गळ्यात, आणि पायांत चपला चढवतही होता.

मी म्हटलं, थांब. उद्या दुकान बंद आहे. मी जाते.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला चिडावं लागलं. म्हटलं, फक्त बरे आहेत का ते बघून येणार, दुसरं काही नाही. गाडी नीट झालीये, लांबवर चालवून बघायलाही हवीच.

रविवार, १६ मार्च

दाराला कुलूप.

हे बाबांच्या पायरीवर बसून लिहिते आहे. शेजारणीने पाणी दिलं आणि बजावलं, लांबून गाडी चालवत आलात, दहा मिनिटं गाडीला हात लावायचा नाही. तीच म्हणाली, परवा त्यांचा फोन पडून फुटला. आणि आज सकाळी, "जावयाचा हात मोडलाय, बघून येतो," म्हणून निघाले. तिनेच बसमध्ये बसवून दिलं.

आत्ता याचा फोन आला. बाबा आमच्या दारात उभे आहेत. आत यायला तयार नाहीत. तिचं घर आहे, तिने ये म्हटल्याशिवाय नाही, म्हणतात.

फोन त्यांच्या कानाला लाव, म्हटलं.

"बाबा, आत बसा," मी म्हटलं. "मला यायला अडीच तास लागतील."