झाकलेली विंडो

९ फेब्रुवारी

भाऊजींचा फोन. भलतेच खुशीत. "मेव्हणीबाई, तुझी विंडो सुधारली बरं का! हल्ली मध्येच उडी मारून वर येत नाही. सुखानं रिपोर्ट भरतो."

मला मुळीच आवडलं नाही. ते रसायनांच्या कारखान्यात कंट्रोल रूममध्ये बसतात. तिथल्या कॉम्प्युटरवर मोठ्या टाकीतला दाब दाखवणारी विंडो माझ्या हातची, प्रोग्राम मी लिहिलेला. ती उगाच उडी मारत नसे. दुसऱ्या विंडोखाली झाकली गेली आणि दाब लाल रेषेपलीकडे गेला, तरच वर यायची, भोंगा वाजवायची.

"दाब कमी ठेवता का आता?" मी विचारलं.

"कमी कुठला! वरून माल वाढवलाय." आणि हसले.

१० फेब्रुवारी

ऑफिसात सगळं पुन्हा वाचलं. विंडो वर आणणारं माझं फंक्शन जागच्या जागी. ते नोंदवणारी ओळही जागच्या जागी. माझ्या मशीनवर विंडो झाकली, खोटा दाब चढवला — पटकन वर आली, भोंगा वाजला. मग तिथे का गप्प?

साहेब म्हणाले, "मॅडम, ऑपरेटर खूश आहेत. आपल्याला कुठे दुखतंय?"

मी कारखान्यात चालतो तो अख्खा प्रोग्राम मागवून घेतला.

१२ फेब्रुवारी

सापडलं!

रिपोर्टचा नवा पडदा कंत्राटदाराने आमच्याच प्रोग्राममध्ये जोडलाय. या कामात विंडोवर कोणी डोळा ठेवून बसत नाही. विंडो सांभाळणाऱ्या टूलकिटला आधीच सांगून ठेवायचं — विंडो झाकली गेली की या फंक्शनला बोलव. पण आमच्या जुन्या टूलकिटमध्ये एका घटनेला एकच फंक्शन. दुसऱ्याने आपलं नोंदवलं की पहिलं बाहेर. तक्रार नाही, सूचना नाही, काही नाही. माझ्या मशीनवर त्याचा भाग नव्हताच, मग दिसणार कुठून!

त्याला फोन केला. म्हणाला, "झाकलेलं चित्र कशाला काढत बसायचं, मॅडम? मशीनवर ताण. म्हणून विंडो झाकली की चित्र थांबवतो. तेवढंच नोंदवलंय."

"तिथे आधी कोण होतं ते पाहिलंत?"

"एरर तर आली नाही."

एरर आली नाही! मोठा रिपोर्ट भरताना टाकीची विंडो तासन्‌तास खाली असते. मालही वाढवलेला. आणि दाबावर नजर ठेवायला कोणी जागं नाही.

१३ फेब्रुवारी

साहेबांशी वाजलं. त्यांचं म्हणणं, दुरुस्ती कारखान्याच्या वार्षिक बंदमध्ये बसवू. मी म्हटलं, तोपर्यंत मी स्वतः तिथे खुर्ची टाकून बसते, आणि का बसले ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाले.

ताईला म्हटलं, भाऊजींना दोन दिवस रजा घ्यायला लाव. ती उसळली — "तुझ्या एका विंडोपायी? लहानपणापासून तुला सगळीकडे आगच दिसते."

१६ फेब्रुवारी

बसवलं. आता एकच फंक्शन नोंदवलंय. ते दोघांची कामं करतं — चित्र थांबवतं, आणि दाबावर लक्षही ठेवतं. जेवण गेलं घशाखाली.

१७ फेब्रुवारी

भाऊजींचा फोन. आवाज चढलेला. "काय करून ठेवलंस तू? रिपोर्ट उघडला की विंडो वर! खाली ढकलली की पुन्हा वर! भोंग्यानं कान किटले. नवीन काम म्हणे!"

"दाब किती दाखवते?"

"काहीच्या काही दाखवते. बिघडलीय म्हणून तर!"

"भाऊजी, तिला हात लावू नका. मी बघते."

"कंत्राटदाराचा माणूस होता इथे, त्याला सांगून आमच्यापुरता बंदोबस्त केलाय." त्या माणसाला फोन लावला. म्हणे, तुमच्या फंक्शनच्या जागी रिकामं नोंदवलं, आता कोणालाच हाक जात नाही. वर म्हणतो, "एरर नाही आली, मॅडम."

शरमेने कान तापले. माझ्या कामात असली चूक! कारखान्यातून टाकीचे आकडे मागवलेत. उद्या चूक शोधते.

१८ फेब्रुवारी

चूक नाही. आकडे आले, ओळ न्‌ ओळ ताडून पाहिली. विंडो खरं सांगत होती. दाब कित्येक दिवस रेषेच्या वरच आहे.

कंट्रोल रूमचा फोन कोणी उचलत नाही. ताई म्हणाली, "ते आज लवकरच कामावर गेले. रिपोर्ट राहिलाय म्हणाले."