फाल्गुनातली गाडी

केनवड, फाल्गुन वद्य तृतीया

ती. अक्कास, भाऊचा दंडवत.

इथे माझ्या चहात गूळ घालतात. दाद कुणाकडे मागावी, ते कळव. बाकी मी धडधाकट. तुझा गुडघा कसा आहे?

चिखल नाही, उन्हाळा नाही, म्हणून रिसोडला जायला फाल्गुन निवडला. "फागुनात कायचं पानी, मालक!" म्हणत हेमसिंग गाडीवानाने गाडीचं छप्परही घरीच ठेवलं. वाटेत लिंबाएवढ्या गारा कोसळल्या.

मी गाडीखाली शिरलो. हेमसिंग बिथरलेले बैल धरून उघड्यावर उभा राहिला. त्याने सोडले असते, तर चाक माझ्यावरून गेलं असतं.

त्याचं डोकं फुटलं, म्हणून केनवडलाच एका घरी थांबलो. आज शुद्धीवर आला आणि पहिलं विचारलं, "बैल उपाशी हायेत काय?"

"नाहीत रे," म्हणालो आणि बाहेर जाऊन त्यांच्यापुढे कडबा टाकला.

तुझा,
भाऊ