मागचे तीन प्लग

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकूनच लिहितेय, पाठ सरळ होत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींनी मीठ कमी केलं, की कमी केल्याचं फक्त तुला सांगितलं? आमच्याकडे सगळं खुशाल आहे, आणि हे वाक्य मी कितीतरी महिन्यांनी जीभ न चावता लिहितेय.

आमच्या घरातला अबोला तुला माहीत आहेच, पण तो नेमका कशावरून ते फोनवर कधी सांगता आलं नाही (दोघंही घरातच असायचे). बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, ती जुनी निळी गाडी. तुझे मेहुणे एका रविवारी कुणालातरी फोनवर म्हणाले, "घरात एक भंगार पडलंय, बघता का?" आणि बाबा नेमके पाठीमागे उभे. तेव्हापासून बापलेक एकाच टेबलावर जेवायचे आणि मधे मी पोस्टमन. "त्याला सांग, पंखा कमी कर." "त्यांना सांग, केला." दोघांमध्ये अंतर एका पाण्याच्या जगचं! मी निरोप गोड करून पोचवायचेही, पण दोघांचे कान शाबूत असल्यामुळे ते फारसं चालायचं नाही.

तर ती गाडी खोकायला लागली. चढावर असे आचके द्यायची, की मागचे लोक हॉर्न वाजवायचं सोडून काळजीने बघायचे. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून टॉर्च मारला. प्लग जुने झालेत, ठिणगी नीट पडत नाही, म्हणाला. पुढचे तीन त्याने तिथल्या तिथे बदलले. मागचे तीन मात्र इंजिनाच्या पाठीमागे, पत्र्याच्या भिंतीला चिकटून. तिथे हात जात नाही. जायचा तर वरचं सगळं उतरवायला हवं, आणि उतरवलं की जुन्या नळ्या तुटणार. "मला या भानगडीत पाडू नका," असं म्हणून त्याने बॉनेट इतक्या हळुवारपणे लावलं, की झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतोय असं वाटावं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "मी बदलतो. विकायची म्हटलं तरी चालू तर हवी." मी बाबांना यातलं फक्त "चालू हवी" एवढंच पोचवलं. थोड्या वेळाने बघते तर बाबा पान्यांची पेटी घेऊन गाडीपाशी हजर.

आधी ह्यांनी हात घातला. ह्यांचे हात तू पाहिलेच आहेस. बिस्किटांच्या बरणीत गेले तर बरणीसकट बाहेर येतात. मग हे खालून काही जमतंय का बघायला गाडीखाली सरकले आणि वरून बाबांनी हात घातला. त्यांचा हात आत गेला, पण बोटं थरथरतात, त्यामुळे नवा प्लग निसटून इंजिनाच्या पोटात कुठेतरी टणटणत गेला. "त्याला सांग, खाली बघ," बाबा मला म्हणाले. गाडीखालून आवाज आला, "त्यांना सांग, खाली मीच आहे. कपाळावर पडला."

मग दोघांनी एकाच वेळी माझ्या हाताकडे बघितलं. ताई, लग्नाच्या वेळीसुद्धा माझ्या हाताकडे कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

घड्याळ काढलं, स्टुलावर चढले आणि जुनी गोधडी टाकून इंजिनावर पालथी पडले. आतलं दिसत काहीच नाही, सगळं बोटांनी चाचपून. जुना प्लग लांब पान्याने सोडवायचा, नवा रबरी नळीच्या टोकात खोचायचा आणि अलगद फिरवत बसवायचा. जोर लावला तर आटे जातात, मग गाडी खरंच भंगारात (हा शब्द मी मनातच म्हटला). एक बसला. दुसरा बसला. तिसरा बसला तेव्हा मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की हात कुठे आहे तेच विसरले. काढायला गेले तर कोपर पाइपखाली घट्ट. "अडकला," मी म्हटलं.

आणि मग बाबा थेट ह्यांच्यावर ओरडले, "अरे बघतोस काय, पाइपचा नट सैल कर!"

"करतो ना! बाराचा पाना द्या."

"बाराचा कुठला आता? तो तू कॉलेजात असताना हरवलास!"

"मी? तुम्हीच शेजाऱ्यांना दिलात, बाबा!"

आणि सुटले की दोघं! पान्यावरून फाटकाला कुणी गाडी ठोकली तिथे गेले, तिथून ह्यांना गाडी शिकवताना बाबा हातब्रेक धरूनच बसायचे तिथे, आणि तिथून शेवटी त्या फोनवर आले. मी मधे वाळत घातलेल्या चादरीसारखी पडलेली. हे खालच्या आवाजात म्हणाले, "चुकलं माझं. तुम्ही मागे उभे आहात हे माहीत नव्हतं."

"म्हणजे मी मागे नसतो, तर भंगारच?"

आधी बाबाच फिसकन हसले, मग हे. मग दोघांना हसू आवरेना. शेवटी साबणाचं पाणी ओतून माझा हात निघाला. चावी फिरवल्यावर आधी मोठा बार उडाला (दोन वायरी अदलाबदल झाल्या होत्या), पण त्या नीट लावल्यावर गाडी इतकी शांत चालू झाली, की खरंच चालू आहे ना हे बघायला बाबांनी बॉनेटवर तळवा ठेवला. मग ह्यांचा हात धरून तिथे टेकवला. मी हात धुवायला आत निघून आले.

भावोजींना नमस्कार सांग, आणि मिठाचा डबा स्वतःजवळ ठेव.

तुझी
धाकटी

ता. क. हात अडकला होता हे खरं. पण भांडण फाटकापर्यंत पोचलं तेव्हाच तो सुटला होता. दोघं बोलतायत म्हटल्यावर मी तशीच पडून राहिले. हे कुणाला बोलू नकोस, भावोजींनाही नको.

दुसरा ता. क. आता दोघं इतकं बोलतात, की घरात मला तोंड उघडायला फट मिळत नाही. आठवडाभर तुझ्याकडे येऊन राहू का? मागची खोली रिकामी आहे ना?

तिसरा ता. क. न्यायला कुणाला पाठवू नकोस, मी बसने येते. गाडी एवढी छान कशी चालतेय हे बघायला दोघांनी मिळून काल गिअरबॉक्स खाली उतरवलाय, आणि आज सकाळपासून आळीपाळीने येऊन, माझ्या हातांकडे बघत मला फार प्रेमाने विचारतायत, "चहा करून देऊ का?"