आई म्हणायचं ते कुणाला

वहिनी, तुला पणती झाली. माझ्या मुलाला मुलगी झाली, तिकडे जपानात, आणि नाव काय ठेवलंय म्हणशील? आई. हसू नको. तिकडे मुलींचं चांगलं रुळलेलं नाव आहे म्हणे. ई जरा तोकडी म्हणायची, पण कानाला आईच. मुलगा फोनवर म्हणतो, "मम्मी, अच्छा है ना? मराठीतही चालतं." चालतं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, जो शब्द मला जन्मात कुणाला म्हणता आला नाही, तो तुम्ही पाळण्यातल्या पोरीला देऊन टाकता?

त्याला काय कळणार! पोटच्या पोरीनं तुला वहिनी म्हणायचं, हे त्याला आजही खोटं वाटतं. सगळे काका तुला वहिनी म्हणायचे, म्हणून आम्हीही वहिनी. आई म्हणजे बाबांची आई, आमची आजी, अख्ख्या घराची आई. दीक्षितपुऱ्यातल्या घरी तू कणीक मळून राहिली होतीस आणि मी शाळेतून आले. त्या दिवशी वर्गात आईवरचा धडा झाला होता. मी दारातूनच ओरडले, "आई!" आतल्या खोलीतून आजी म्हणाली, "काय गं?" आणि तू? तू मान वर केली नाहीस. कणकेवर मुठी मारत राहिलीस. मग हळूच म्हणालीस, "काहून ओरडतेस? त्यांना काय वाटेल? घरात आई एकच असते." त्यांना काय वाटेल! मला काय वाटलं ते विचारलंस कधी? इतकी कसली गं भीड? एक हाक तेवढी तुझ्या हक्काची होती, तीही सासूच्या पानात वाढून मोकळी झालीस.

आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. विचारलं, "आता म्हणू का?" तू पापड लाटता लाटता हसलीस. "आता काय गं, जीभ वळणार आहे का तुझी?" नाहीच वळली. तुझ्या शेवटच्या आजारात दवाखान्यात मी "वहिनी, वहिनी" करत होते, तर ती नागपूरकडची नर्स मला म्हणते, "ताई, तुमच्या वहिनी का? मग त्यांच्या मुलांना बोलावून घ्या लवकर." मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारी ट्रे घेऊन पळाली. तिचा काय दोष? राग तुझा आला होता, आणि तू डोळे मिटून पडलेली. तिलवाऱ्याच्या घाटावर नदीत अस्थी सोडतानाही तोंडातून वहिनीच आलं. निदान माझं पोर तरी मला आई म्हणेल, असं मी ठरवलं होतं. पण या हिंदी मुलखात शाळा हिंदी, गल्ली हिंदी, तो मम्मी शिकूनच घरी आला. घ्या!

जपानी सुनेनं परवा व्हिडिओ फोनवर ते नाव कागदावर काढून दाखवलं. एकच अक्षर, पण केवढं गिचमिड. ती सांगत होती आणि मुलगा मला मराठीत सांगत होता. अर्थ माया. अक्षर मुळात चीनचं, उच्चारही तिकडूनच आलेला, पण आता त्यांच्या घरचाच झालाय. मधोमध हृदय, वर मान वळवलेलं माणूस, खाली रेंगाळणारे पाय. निघालेल्या माणसाचा पाय निघत नाही, ते वळून बघतं, ती माया, असं जुने लोक सांगतात म्हणे. मी म्हटलं, "वा, वळून बघितलं की झाली माया?" मुलगा म्हणाला, "मम्मी, चिडून काहून राहिली?" काय सांगू त्याला? मला कणकेवर वाकलेली तुझी पाठ दिसत होती.

मी काही ते नाव घेत नव्हते. छकुली म्हण, चिमणी म्हण, असं चालवलं होतं. काल सून फोन पोरीसमोर टेकवून दूध करायला उठली. इकडे घरात मी एकटीच. हळूच म्हटलं, "आई." पोरगी छताकडे बघत होती. तिनं मान वळवली, वहिनी. चांगली वळवून बघितलं गं माझ्याकडे.

हे पत्र कुठे टाकणार? राहील उशाखाली. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, तशी समजूत करून घेऊ नकोस. एवढंच सांगते, सून परत आली तरी मी हाका मारतच होते. तिला वाटलं, नातीला हाक मारतेय. वाटू दे.