थंड इंजिनाचा ठोका

सोमवार, १ जुलै २०१९

आज तिसरी गाडी! तीच नवी डिझेल पिकअप, तीच तक्रार — इंजिन ठोकतंय म्हणे. या वेळी म्मा केनेइल्वे, शाळेच्या हेडबाई. दोन महिन्यांची गाडी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. सगळे मला मानानं 'रा' म्हणतात, तशाच त्याही म्हणाल्या, "रा, सकाळी चालू केली की आतून कुणीतरी दार वाजवतंय." मी म्हटलं, "मग उघडू नका!" सगळं वर्कशॉप हसलं. त्या हसल्या नाहीत.

काठी काढली. मोपानेच्या लाकडाची, हातभर लांब, बावीस वर्षं माझ्याजवळ आहे. एक टोक इंजिनावर, दुसरं कानाशी. अख्ख्या माहालाप्ये गावात मला 'कान' म्हणतात ते या काठीमुळे. इंजेक्टर, वरचं झाकण, खालचं चेंबर — सगळीकडे लावून बघितली. काही नाही. इंजिन कसं, दूध पिऊन झोपलेल्या बाळासारखं गप्प. कार्डावर लिहिलं — 'आवाज आढळला नाही.' सही केली.

हेडबाई म्हणाल्या, "रा गाओलाथे, तुम्ही नाही म्हणता म्हणजे नसेल. माझाच भास." गेल्या बिचाऱ्या.

मंगळवार, २ जुलै

काय ही जुलैची थंडी, ऐन हिवाळा! सकाळी शेळ्यांच्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती.

गुरुवार, ४ जुलै

मोआगी आला. माझा धाकटा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. बाबा खाणीत कामाला गेले ते परतलेच नाहीत, तेव्हापासून तो माझ्याच ताटातला. एप्रिलमध्ये त्यानंही हीच गाडी घेतली. काल संध्याकाळी वर्कशॉपात ठेवून गेला होता, म्हणजे आज सकाळी इंजिन थंडगार मिळेल. गरम तळलेल्या माग्विन्या खायला घेऊन आला, बाकावर माझ्या उजव्या हाताला बसला — नेहमी तिथेच बसतो — आणि म्हणाला, "दादा, रागवू नकोस हं. माझीपण वाजते."

"कशी वाजते?"

"पहिली पाच मिनिटं. तव्यावर उलथनं आपटावं तशी. तापली की गप्प."

गाडी चालू केली. मी काठी लावून उभा. तो बोट वर करून, "हां… हां, आत्ता… आता पुन्हा!" मला काही नाही. शेवटी वैतागून म्हटलं, "बास कर, तुझं डोकंच वाजतंय!" तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "बरोबर आहे दादा. तू नाही म्हणतोस म्हणजे नाही." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात कशाला ठेवायचा? मी काय आजारी आहे?

इथे लिहायला हरकत नाही — डावा कान गेलाय, दोन वर्षं झाली. उजवा शाबूत आहे. कुणाला सांगायची गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. या कानावर माझं नाव उभं आहे, ते गेलं तर मी राहिलो फक्त एक म्हातारा ग्रीस लावणारा.

रविवार, ७ जुलै

चर्चमधली मंडळी यंदा मेल्यासारखी गातात. सेथुन्याला तसं म्हटलं तर नुसती बघत राहिली. बायको आहे का शत्रू! घरी आल्यावर रेडिओवरून भांडण. "कमी करा तो, शेजारच्या कोंबड्यांनासुद्धा बातम्या पाठ झाल्या!"

बुधवार, १० जुलै

बारा गाड्या झाल्या. कंपनीचं पत्र आलं. 'हा आवाज या इंजिनाच्या स्वभावाचा भाग आहे. कारण शोधणे चालू आहे. तोपर्यंत इंजिन उघडू नये.' म्हणजे आवाज आहे असंही म्हणतात आणि दोष नाही असंही! पण मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आता कुणी मला विचारणार नाही.

ओराटिले पत्र वाचून माझ्याजवळ आली. दहा वर्षं शेजारच्या रॅम्पवर काम करते, तिच्याइतका हलका हात पोरांतसुद्धा कुणाचा नाही. "रा, त्या गाड्यांबद्दल…"

"काय त्या गाड्यांबद्दल?"

"काही नाही. चहा आणू तुम्हाला?"

हल्ली सगळ्यांना मला चहाच पाजायचा असतो.

गुरुवार, ११ जुलै

संध्याकाळी मोआगी येऊन गेला. उद्या पहाटे गुरांच्या तळावर जातोय, वळू आजारी आहे म्हणे. "दोन दिवस लागतील. तुला आंबलेलं दूध आणतो रविवारी, मडकंभर." गाडीचं विचारलं. "मस्त! आवाज गेला." माझ्या तोंडासमोर उभा राहून ओरडून बोलतो हल्ली. मी म्हटलं, "मी काय विहिरीत पडलोय?" हसला नुसता. फाटकापर्यंत गेला आणि परत वळून हात केला.

शुक्रवार, १२ जुलै

मोआगी गेला.

रविवार, १४ जुलै

दोन दिवस पेन धरवलं नाही.

चालत्या गाडीचं इंजिन एकदम अडकलं. भर रस्त्यात गाडी उभी राहिली. सूर्य नुकताच वर येत होता, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांवर ऊन. तो म्हणतो, दिसलीच नाही. मोआगी गाडी ढकलून कडेला घेत होता. एकटाच.

आणि कुठे? पालाप्येच्या रस्त्यावर! गुरांचा तळ पश्चिमेला, वाळूतल्या वाटेनं. पालाप्ये बरोबर उलट्या दिशेला. मामांनी मला बाजूला घेतलं — "पालाप्येला कोण होतं त्याचं?" मला काय माहीत! पुरेपर्यंत आठवडाभर रोज संध्याकाळी प्रार्थना असते, तिला आलेल्या बायका मागे बसून कुजबुजतात. मला शब्द कळत नाहीत, पण तोंडं दिसतात. आणि बोनोलो, त्याची बायको, जमिनीवरच्या गादीवर डोक्यावरून घोंगडी घेऊन बसलेली. एक शब्द बोलत नाही. कशी बोलेल? मेलेल्या नवऱ्यानं तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

मला राग आलाय त्याचा. माझ्याशी खोटं बोलला! वळू आजारी म्हणे! — आणि अजून एक लिहितो, लाज वाटते तरी लिहितो. राग आला की थोडं बरं वाटतं. तो बाईच्या नादानं गेला असेल, तर चूक त्याची. माझी नाही.

मंगळवार, १६ जुलै

हेडबाईंची पिकअप पुन्हा आली. सकाळी सात, इंजिन थंड. बॉनेटचा आधार निसटला म्हणून एका हातानं बॉनेट पेललं, दुसऱ्या हातात पाना, म्हणून काठी दातांत धरली. तिचं दुसरं टोक इंजिनाला टेकलं.

ठक. ठक. ठक.

दातांतून सरळ डोक्यात. काठी काढून कानाला लावली — काही नाही. पुन्हा दातांत धरली — ठक, ठक, ठक. उलथनं तव्यावर. तो म्हणाला होता तसंच, अगदी तसंच!

ओराटिलेला हाक मारली. "तुला ऐकू येतंय हे?"

"येतंय, रा."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या गाडीपासून."

"मोआगीची?"

"ती तर सगळ्यात जास्त ठोकत होती."

"मग बोलली का नाहीस? तोंड शिवलं होतं का!"

ती रडायला लागली. "तुम्ही नाही म्हणालात, रा. सगळ्यांना ऐकू येत होतं. पण तुम्ही नाही म्हणालात. आम्हाला वाटलं, आम्हाला जे ऐकू येतंय ते काही वेगळंच असेल. तुमच्यापुढे कोण बोलणार?"

सात माणसं आहेत या वर्कशॉपात. चौदा कान. आणि सगळ्यांनी आपापल्या कानांपेक्षा माझ्या एका बहिऱ्या कानावर विश्वास ठेवला. मीच तसं शिकवलंय ना त्यांना! कुणी वर बोललं की बावीस वर्षं मीच खेकसत आलो.

दुपारी मोआगीचं इंजिन उघडलं. पिस्टनचा खालचा तुकडा तुटून आत रुतलाय. का तुटला? कंपनीची दोन माणसं आली, फोटो काढले, माना हलवल्या. त्यांनाही माहीत नाही. पण तुटायच्या आधी तो तुकडा रोज सकाळी हाका मारत होता, एवढं मला आता माहीत आहे. त्याच्या कार्डावरची सही माझीच आहे.

शुक्रवार, १९ जुलै

आज सगळ्यांना एकत्र उभं केलं, मॅनेजरलाही. म्हटलं, "मला ऐकू येत नाही. त्या बारा गाड्यांच्या कार्डांवर मी खोटं लिहिलंय. सगळ्या परत बोलवा, आजच. कुणी रस्त्यावर काढू नका म्हणावं."

कुणाला नवल वाटलं नाही. एकालाही नाही! हे सगळ्यात जास्त लागलं.

फोन ओराटिलेनं केले. मी बाजूला बसून नावांवर खुणा करत होतो. एक नाव आधीच खोडलेलं होतं.

शनिवार, २० जुलै

पुरलं त्याला. उजाडता उजाडता. फावडी हातोहात फिरली, मीही घेतलं. पेटीवर पहिली माती पडली त्याचा आवाज मला आला नाही. आजूबाजूची माणसं दचकली, त्यावरून कळलं.

मामांनी भाषणात पालाप्येचं नाव टाळलं. टाळलं म्हणून सगळ्यांना आणखीच आठवलं. मी खड्ड्याच्या काठावर उभा राहून मनातल्या मनात त्याला विचारलं, "अरे, कुणाकडे चालला होतास? मला तरी सांगायचं होतंस!" लहानपणी शेळी हरवली तरी पहिल्यांदा माझ्याकडे यायचा. सगळं मला सांगायचा. हे एवढंच नाही सांगितलं.

सोमवार, २२ जुलै

कान तपासले. डावा संपलाय. उजवा जेमतेम. नर्सबाई कागदावर लिहून दाखवत होत्या. सेथुन्या सोबत होती, वाटेत माझा हात धरून चालली. रेडिओचं काही बोलली नाही.

गुरुवार, २५ जुलै

बोनोलोनं बोलावलं. मी बाकावर बसलो, तर ती उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. तोंड माझ्याकडे करून, मोठ्यानं बोलली. अगदी मोआगीसारखं. तिला माहीत होतं! दोघांनाही माहीत होतं, कधीपासून कोण जाणे.

पोलिसांनी गाडीतल्या वस्तूंची पिशवी दिली होती. तिनं त्यातून एक कागद काढला. पालाप्येच्या एका गॅरेजचा. 'शुक्रवार, १२ जुलै, सकाळी आठ. तक्रार — थंड इंजिन ठोकते.' आणि खाली, 'माहालाप्येच्या वर्कशॉपला कळवू नये. ग्राहकाची विनंती.'

"मी म्हटलं होतं, दादांना खरं सांगून टाका," ती म्हणाली. "तर म्हणाले, 'दादाचं नाव त्या कानावर आहे. ते माझ्या हातून जायला नको.'"

"आणि तू? आठवडाभर बायका काय काय बोलल्या त्याच्याबद्दल! एकदा तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर तुमचं बाहेर पडलं असतं. त्यांनी नको म्हटलं होतं." मग म्हणाली, "आता तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत. म्हणून देते."

कागद या वहीत ठेवलाय. रविवारी मामांसमोर, सगळ्या नातेवाइकांसमोर उभा राहून वाचणार आहे. मोठ्यानं.

पालाप्येला त्याचं कुणी नव्हतं. तो माझ्यासाठी चालला होता.