भरलेल्या चर्चचा घुमार

गास, ६ नोव्हें. २००७, मंगळ.
सकाळची विचारपूस. वहिनी, गुडघा? "आहे जागेवर." बायकोला, रोजीला, साखर काय म्हणते? "तुमच्या चहापेक्षा कमीच." दादा, श्वास? दादाने नुसता हात हलवला. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनच्या मशीनची घरघर. फुप्फुसं गेली, म्हणतात डॉक्टर. नाताळ दिसेल का, ते मी विचारलं नाही.
चाळीस वर्षं चर्चमध्ये पायपेटी वाजवली माझ्या भावाने. खऱ्या पाइपांचा ऑर्गन वाजवायची हौस राहूनच गेली. म्हणून हा उपद्व्याप, दादाच्या खोलीतच ऑर्गन उभा करायचा. त्याच्या लेकीने, सिलूने, मस्कतहून पाठवलेल्या डिस्का, त्यात एकेका पाइपाचा आवाज. कॉम्प्युटर, कीबोर्ड, चार स्पीकर.

८ नोव्हें.
दादाने दोन सूर दाबले, हात काढला. "जोसू, कपाटात वाजवल्यासारखं वाटतं रे." खरंय. खोली ती केवढी! आणि डिस्कांतले आवाज कोरडे. घुमार, म्हणजे सूर सोडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, आपण घालायचा. पुढचे दोन स्पीकर सूर देतील, डोक्यामागचे दोन घुमार. रेडिओ दुरुस्तीत जन्म गेला, हेही जमेल.

१२ नोव्हें.
दुपारी चर्च रिकामं बघून गेलो. टाळी वाजवली, घड्याळ लावलं. घुमार विरायला साडेचार सेकंद. तीनदा तेच. फादर दारात: "जोसूकाका, भाषण कोणाचं चाललंय?" घरी येऊन मागच्या स्पीकरांना तेवढंच दिलं.

१३ नोव्हें.
दादाने सूर सोडला तरी मागे घोंगावतच राहिला. दादाचे डोळे भरले. "बाकं रिकामी आहेत रे. कोणीच आलं नाही."
माणसं घुमार पितात. कपडे, लुगडी, मांडीवरची लेकरं. मी रिकामं चर्च मोजून आणलं आणि आजारी माणसाला त्यात एकटं बसवलं.

१८ नोव्हें., रवि.
मिस्सा. चर्च गच्च. शेवटचं गीत थांबल्यावर मनात मोजलं. अडीचच्या आत. रोजीने कोपर मारलं: "आकडे कसले म्हणताय, प्रार्थना म्हणा!" घरी येऊन अडीच केलं. मागचा आवाज जरा मऊ.

१९ नोव्हें.
दादाने एक ओळ वाजवली, मान तिरकी. "माणसं आली वाटतं... ते मशीन बंद कर. शेवटचं ऐकू येत नाही."
वहिनी ताडकन उठली. "भावजी, हात तर लावून बघा!"
घुमाराचं शेपूट घरघरीत बुडतं, हे खरं. दादा माझ्याकडेच बघत राहिला.

२१ नोव्हें.
वहिनी बाजाराला. मी बंद केलं. स्वतःच्या हाताने.
दादाने अख्खं गीत वाजवलं. शेवटचा सूर सोडला, बोटं तशीच वर, घुमार विरेपर्यंत. "भरलंय रे," म्हणाला. ओठ निळे पडलेले. मशीन पुन्हा लावलं. वळलो तर वहिनी दारात. कधीपासून, देव जाणे.

२४ नोव्हें.
वहिनी बोलत नाही. ताट सरकवते, जाते. दादा रोज मागतो. "एकदाच. दोन गीतं." डॉक्टर काय म्हणतील ते ठाऊक आहे. आणि तो चेहरा...
सिलूला फोनवर सांगवेना. पत्र टाकलं. नक्कल:
"बाळ, ऑर्गनचा घुमार शेवटपर्यंत ऐकू यावा म्हणून तुझ्या पप्पांचं मशीन मी चार मिनिटं बंद केलं. दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगतो. ते पुन्हा मागतायत. मम्मी नको म्हणते, तिचं चुकत नाही. तू लेक आहेस. तुला काय वाटतं ते सरळ लिही, रागावून लिहिलंस तरी चालेल. तोवर मागचे स्पीकर बिघडलेत असं त्यांना सांगून ठेवलंय, म्हणजे मशीन बंद करायला सांगणार नाहीत. लवकर लिही."