मॉनिटरमध्ये तू नसतेस

प्रिय स्वरूपा,

फोनवर मी मॉनिटरचा विषय काढला की तू 'अच्छा, अच्छा' म्हणत भलतंच काहीतरी बोलायला लागतेस, म्हणून लिहितेय. स्टेजवर मला तुझं गाणं ऐकू येत नाही. हे असंच चाललं तर आपली जोडी टिकणार नाही, एवढं तरी तुला कळायला हवं.

आपला साउंडवाला हरिदास स्वतःला या विद्येतला महर्षी समजतो. नोएडातल्या त्या कंपनीच्या समारंभात त्याने माझ्या स्टुलाशेजारी मॉनिटर मोठ्या थाटात आणून ठेवला. त्या स्पीकरमधून गाणारी ऐकू यावी, एवढीच ड्रमरची माफक अपेक्षा. मला काय ऐकू आलं? कीबोर्ड, आणि निवेदकाचं नाक ओढणं. पंगतीत बसवायचं आणि पानच वाढायचं नाही, त्यातला प्रकार. तक्रार केली तर म्हणाला, ड्रम तर तसाही सगळ्यांत मोठ्याने वाजतो, तुम्हाला मॉनिटर हवा कशाला. मला माझा नाही, तिचा आवाज हवाय, हे मी त्याला हिंदीत आणि हातवारे करून समजावलं. त्याने गंभीर चेहऱ्याने एक बटण फिरवलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. असल्या ठोंब्यांच्या हाती आपली कला.

मुनिरका भागातल्या आपल्या खोलीत घरमालकिणीच्या धाकाने मी उशीवर ताल धरायचे, तेव्हा कुठल्या मशीनची गरज पडली नाही. ओळ उचलण्याआधी तुझा डावा खांदा जरासा वर जातो. इतकी वर्षं मी त्या खांद्याकडे बघून वाजवत आले, हे तुला कधी सांगितलं नाही. नोएडात तू पार पुढे जाऊन निवेदकाला खेटून उभी राहिलीस. सूर लांबवलास, मला पत्ताच नाही, मी पुढे निघून गेले. आणि तू माईकवर हसत म्हणालीस, "हमारी ड्रमर को घर जाने की जल्दी है।" लोक खदाखदा हसले. त्या सुटाबुटातल्या मंडळींना ताल चुकला काय नि वीज गेली काय, सारखंच. त्यांचं मला काही वाटलं नाही. तुझं वाटलं, फार वाटलं.

सामान आवरताना हरिदास वायर गुंडाळत जवळ आला आणि सहज म्हणाला, "मैडम, गुड़गाँव वाले शो में तो स्वरूपाजी ट्रैक पे गा रही हैं ना? आपका सेट तो नहीं लगेगा?" मला ठाऊक असेल असंच तो धरून चालला होता. मी म्हटलं, हो, आमचं तसं ठरलंय. त्या माणसासमोर, तुझी लाज राखायला, मी खोटं बोलले. म्हणून हे पत्र. आधीच भरून ठेवलेल्या साथीवर गायचं असेल तर खुशाल गा. पण या रविवारी खोलीवर ये, माझ्यासमोर बस आणि तसं सांग. मी आपणहून बँड सोडेन म्हणून वाट बघत असशील, तर बघू नकोस. मला काढायचं असेल तर तुलाच काढावं लागेल. तेवढं सोपं मी तुझ्यासाठी करणार नाही.

अजून तरी तुझीच,
कादंबरी